दहा किलोचा डबा आणि उनकेश्वरचं कुंड : जुनाट कंबरदुखीचं एक प्रकरण

मी फिजिओथेरपिस्ट. दिवाळीची साफसफाई आटोपली की माझ्याकडे कंबरदुखीचे पेशंट वाढतात. माळ्यावरचे डबे उतरवून, पंखे पुसून झालेले असतात. पण नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलेल्या या काकूंचं दुखणं दिवाळीचं नव्हतं. कंबर चार वर्षांपासून दुखत होती, उजवा गुडघा दोन वर्षांपासून. वय ५३, वजन ७४ किलो, रक्तदाबाची एक गोळी चालू, साखर नाही. नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत त्यांची पिठाची चक्की आहे. यजमान गेल्यापासून ती त्याच चालवतात. मदतीला एक पोट्टा असतो, तो आला तर आला. (काकूंना विचारूनच लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत.)

हातात एमआरआयची मोठी पिशवी, साडीवरून कमरेला पट्टा. खुर्चीवर बसताना त्यांनी दोन्ही हात टेकवले, श्वास रोखला आणि काचेचं सामान ठेवावं तसं स्वतःला खाली ठेवलं.

"मॅडम, दुखून तर दिवसभरच राहिलं," त्या म्हणाल्या. "पण दुखण्यापेक्षा भेव वाटते. मणका सरकला तर चक्की कोण पाहीन?"

'मणका सरकला' हे त्यांना कोण म्हणालं, ते त्यांना आठवत नव्हतं. रिपोर्टमध्ये तरी ते नव्हतं. कमरेच्या मणक्यांमधल्या खालच्या दोन चकत्यांना थोडा फुगवटा, नसेवर दाब नाही, एवढंच होतं. कसलंही दुखणं नसलेल्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीतल्या साधारण ६० टक्के लोकांच्या चकत्या अशाच फुगलेल्या निघाल्या, आणि विशीतल्याही ३० टक्के लोकांच्या. हे सांगताना मी नेहमी केसांचं उदाहरण देते: वय झालं की केस पिकतात, तसंच हे.

काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण केस पिकले म्हणून डोकं दुखत नाही ना? मग माझी कंबर काहून दुखते?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मग मी केस सोडून कुत्र्यावर आले. दारावरच्या कुत्र्यानं एकदा चोर पाहिला की पुढे ते दूधवाल्यावरही भुंकतं, पेपरवाल्यावरही. तीन महिन्यांच्या पुढे टिकलेल्या दुखण्याला आम्ही जुनाट म्हणतो. तोवर मूळची इजा बहुतेक वेळा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था भुंकायची थांबलेली नसते. साधं वाकणं, थोडं ओझं, अपुरी झोप, काळजी, सगळ्यावर ती भुंकते. हालचाल कमी केली की स्नायू ढिले पडतात आणि तिला भुंकायला आणखी निमित्त मिळतं. हे काकूंना पटलं. "आमच्या गल्लीत आहे असा एक," म्हणाल्या.

तपासणी आणि डबा

घाबरण्यासारखं काही नाही ना, हे आधी पाहायचं असतं. विनाकारण वजन घटणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, बैठकीची जागा बधिर होणं, कॅन्सरचा पूर्वेतिहास, मोठी पडझड. यातलं काही नव्हतं. पाय सरळ उचलला तर कळ खाली जात नव्हती. गुडघ्यात करकर होती, सूज नव्हती. वयाप्रमाणे झिजेचा संधिवात.

मग मी त्यांना सगळ्यात जड जाणारी तीन कामं विचारली. दळणाचा डबा जमिनीवरून उचलून चक्कीच्या वरच्या तोंडात ओतणं. खाली बसून उठणं, ज्यामुळे शेजारच्या हळदीकुंकवाला जाणं बंद झालं होतं. आणि माडीवर जाणारा चौदा पायऱ्यांचा जिना.

डबा कसा उचलता ते दाखवा म्हटलं. दवाखान्यात पिठाचा एक रिकामा पत्र्याचा डबा होता, तोच पुढे ठेवला. काकू त्याच्यापासून हातभर लांब उभ्या राहिल्या. गुडघे ताठ, पाठ फळीसारखी, कारण 'वाकायचं नाही' असं त्यांना बजावलेलं होतं. न वाकता जमिनीवरचा डबा कसा उचलायचा, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी श्वास कोंडला, दात आवळले, डबा बोटांच्या टोकांवर धरून अंगापासून लांबच ठेवून वर आणला आणि मगच श्वास सोडला. तो डबा रिकामा होता. चक्कीवर याच पद्धतीने त्या दिवसाला तीस-चाळीस भरलेले डबे उचलत होत्या.

नोंदी अशा: दुखणं दहापैकी ७. कंबरदुखीमुळे रोजच्या कामात किती अडतं याची चोवीस प्रश्नांची रोलंड-मॉरिस प्रश्नावली असते, तिच्यात १५. हात न टेकता खुर्चीवरून उठ-बस, अर्ध्या मिनिटात ७ वेळा. साठ ते चौसष्ट वयाच्या बायकांमध्येही हा आकडा १२ च्या खाली आला तर कमी धरतात.

शिवाय गेलं वर्षभर रोज डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची एक गोळी, चिठ्ठीशिवाय, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून. आपल्याकडची गिधाडं ज्यामुळे जवळजवळ संपली ते हेच औषध. जनावरांना टोचलेलं मढ्यातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडली. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसाची मूत्रपिंडं गिधाडापेक्षा दणकट असतात, पण रक्तदाबाच्या गोळीसोबत रोज हेही घेणं धोक्याचंच. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवून रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम, तपासून घेतलं. सुदैवानं ठीक निघालं.

माझी चूक

पहिल्या भेटीत मी त्यांना सहा व्यायामांची झेरॉक्स दिली. आम्हा फिजिओथेरपिस्टांची ही जुनी खोड आहे, कागद हातात दिला की उपचार दिल्यासारखं वाटतं. काकूंनी चार दिवस केलं आणि सोडलं.

डिसेंबरात दत्तजयंतीच्या सुमारास गल्लीतल्या पाच-सहा जणी ट्रॅव्हलर करून माहूरला गेल्या, आणि तिथून उनकेश्वरला. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठी ही गरम पाण्याची कुंडं आहेत. विदर्भातली माणसं तिथे अंगदुखी आणि कातडीच्या रोगांसाठी पिढ्यान्‌पिढ्या जातात. काकू तीन दिवस राहिल्या, सकाळ-संध्याकाळ कुंडात बसल्या आणि परत येऊन थेट माझ्याकडे आल्या. चेहरा उजळलेला.

"मॅडम, तीन दिवस एक गोळी नाही घेतली!"

"आणि आता?"

"चौथ्या दिवशी पुन्हा सुरू झालं."

यावर मी जे बोलले ते आजही आठवतं. म्हटलं, "काकू, शेवटी गरम पाणीच ते. उनकेश्वरचं असो की तुमच्या गीझरचं, कमरेला काय फरक कळतो?"

काकू हसल्या. पिशवी उचलली आणि अडीच महिने आल्या नाहीत.

माझं वाक्य शास्त्राच्या अंगानं साफ खोटं नव्हतं. कोमट-गरम पाणी त्वचेवरचे संदेश बदलतं, आणि पाठीच्या कण्यातल्या एका टप्प्यावर असे संदेश दुखण्याच्या संदेशांची वाट अडवू शकतात. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ साली हा 'फाटका'चा सिद्धांत मांडला. तपशील नंतर बरेच बदलले, गाभा टिकला. हंगेरीत खनिज पाणी आणि तेवढंच तापवलेलं नळाचं पाणी यांची तुलना केली गेली, तेव्हा नळाच्या पाण्यात बसलेल्यांनाही बरं वाटलं. खनिज पाण्यातल्यांना काही मोजमापांत थोडं जास्त. म्हणजे गीझरची बाजू अगदीच लंगडी नाही.

पण त्या तीन दिवसांत काकूंनी आणखी काय काय केलं होतं? एकही डबा उचलला नव्हता. रात्री आठ तास झोपल्या होत्या. दुसऱ्याच्या हातचं गरम जेवल्या होत्या. मैत्रिणींशी पोटभर बोलल्या होत्या, रेणुकामाईचं दर्शन झालं होतं, आणि पट्टा बॅगेत राहिला होता कारण कुंडात तो बांधून उतरता येत नाही. यातलं काहीच गीझरमधून येत नाही. हे सगळं मी एका वाक्यात उडवून लावलं, आणि जाताजाता 'तुम्हाला वाटलं ते खोटं होतं' असंही सांगून टाकलं.

फ्रान्समध्ये झऱ्याच्या पाण्याचे उपचार डॉक्टर लिहून देतात, अठरा दिवसांचे, आणि सरकारी विमा त्यातला मोठा वाटा उचलतो. तिथल्या एक्स-ले-बॅं, बालारुक आणि डॅक्स या तीन ठिकाणी झालेला एक अभ्यास २०१० साली आला. गुडघ्याच्या संधिवाताचे ४६२ पेशंट होते. सगळ्यांना घरी करायचे व्यायाम दिले. निम्म्यांना त्याच्या जोडीला अठरा दिवस गरम पाणी, मसाज, चिखलाचे लेप आणि पाण्यातला व्यायाम. सहा महिन्यांनी ठळक आराम वाटणारे नुसत्या व्यायामाच्या गटात ३६ टक्के होते, दोन्ही घेतलेल्यांत ५० टक्के. आपल्याला काय मिळतंय हे लोकांना ठाऊक होतं, त्यामुळे थोडा फरक मनाचाही असेल. हा अभ्यास मी पूर्वी वाचला होता आणि 'हे फ्रान्सचं, आपल्याकडे कुठे' म्हणून बाजूला सारला होता. काकू यायच्या बंद झाल्यावर तो पुन्हा काढला, तेव्हा आधी नजरेतून सुटलेलं दिसलं. व्यायाम दोन्ही गटांना होता. झऱ्याचं पाणी व्यायामाच्या जागी दिलेलं नव्हतं, जोडीला दिलेलं होतं.

पाण्यात

फेब्रुवारीच्या शेवटी काकू परत आल्या. मधल्या काळात सात दिवसांचं पंचकर्माचं पॅकेज झालं होतं, चौदा हजार रुपये. तेल, वाफ, शेक. दोन आठवडे अंग हलकं, मग पूर्ववत. परत यायचं कारण त्यांनी मोकळेपणानं सांगितलं: "तुम्ही नाही म्हटलं ते करून पाहिलं, आता तुमचंही करून पाहते."

या वेळी झेरॉक्स दिली नाही. विचारलं, "पाण्यात बरं वाटतं ना? मग पाण्यातच करू."

गरम पाण्याचा उपचारासाठीचा तलाव आम्हाला परवडेल असा मिळाला नाही. एका साध्या, उघड्या जलतरण तलावावर दुपारी चार ते पाच बायकांची बॅच होती. माझ्याकडे माशांच्या टाकीत लावायचा थर्मामीटर होता, तो दोरीला बांधून पाण्यात सोडला. मार्चअखेर २८ अंश, मेच्या मध्याला ३२. नुसतं पाण्यात पडून राहायचं किंवा सावकाश हात-पाय हलवायचे तर ३३ ते ३५ लागतात. अंग हलवून व्यायाम करायचा तर एवढं पुरतं. नागपूरच्या उन्हाळ्याचा कुणाला फायदा झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

डॉक्टरांकडून रक्तदाबाची चिठ्ठी आणली. ताप, उघडी जखम, कातडीचा संसर्ग, फिट्‌स, दमवणारा हृदयविकार यांत पाण्यात उतरवत नाही. आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी कोमट पाण्यातून एकदम बाहेर यायचं नसतं, चक्कर येते. पायरीवर बसून मग उठायचं.

काकूंना वाटत होतं जाऊबाईंनाही आणावं. त्यांना पंधरा वर्षांची साखर. मी त्यांचे तळपाय तपासले. नायलॉनचा एक बारीक तंतू असतो, तो टेकवायचा आणि डोळे मिटून 'लागला' म्हणायचं. दहापैकी चार जागी त्यांना काहीच कळलं नाही. आदल्या थंडीत शेकायच्या पिशवीनं टाच भाजली होती, फोड आल्यावर समजलं. त्यांना मी तलाव नको म्हटलं आणि गरम पाण्यात पाय तर अजिबात नाही, असं दोनदा सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

पहिल्या दिवशी अर्धा तास कपड्यांवर गेला. तलावाचा नियम पोहण्याच्या पोशाखाचा, काकूंचा नियम साडीचा. शेवटी लेगिंग आणि पॉलिस्टरचा लांब कुर्ता यावर दोन्ही बाजू आल्या. काकू कठड्याला दोन्ही हातांनी धरून, दर पायरीवर थांबत उतरल्या. पाणी कमरेच्या वर गेलं, छातीपर्यंत आलं. इथं शरीराचं जेमतेम एकतृतीयांश वजन पायांवर राहतं; कमरेइतक्या पाण्यात निम्मं. ७४ किलोच्या काकू छातीभर पाण्यात पंचवीसेक किलोच्या झाल्या होत्या.

दहा मिनिटं चालल्या: पुढे, मागे, आडवं. मग मी म्हटलं, कठडा धरा आणि खाली बसल्यासारखं करा, पाच वेळा. त्या बसल्या. वर आल्या. पुन्हा बसल्या. मी पाचला थांबा म्हटलं, त्यांनी अकरा केले.

"हा गुडघा माझाच आहे का?" काकूंनी कुणालाच उद्देशून नाही, पाण्याकडे बघून विचारलं.

"दुखतंय?"

"दुखते थोडंसं. पण पाण्यात पडायचं भेव नाही ना, मॅडम. पडलं तर पाणीच झेलते."

त्या अकरांचे दुसऱ्या दिवशी पैसे मोजावे लागले. सकाळी सातला फोन: "मणका सरकला वाटते." दुखणं ८ वर. घरी जाऊन पाहिलं, नसेची कुठलीच लक्षणं नव्हती, नुसते दमलेले स्नायू. मग आम्ही नियम ठरवला. करताना दुखणं ५ पर्यंत गेलं तरी चालेल, पण चोवीस तासांत ते मूळ जागी आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या वेळी मात्रा कमी. बंद नाही, कमी. काकूंच्या भाषेत: "मीठ जास्त झालं तर भाजी फेकत नाही, पुढच्या वेळी कमी घालते."

आठवड्यातून दोनदा, चाळीस-चाळीस मिनिटं. चालणं, कठड्याला धरून अर्धं बसणं, पाय बाजूला आणि मागे नेणं, तलावाच्या खालच्या पायरीवर चढ-उतर, फोमची लांब नळी दोन्ही हातांनी पाण्याखाली दाबणं, जी पोट आणि पाठ दोन्हींना कामाला लावते. पण माझ्या मते या बारा आठवड्यांतला सगळ्यात महत्त्वाचा भाग तलावाबाहेरचा होता. पाण्यातून आल्यावर दहा मिनिटं बसायचं, पाणी प्यायचं आणि लगेच बाकावरून उठ-बस करायची. त्या वेळी दुखणं ३-४ वर आलेलं असायचं. तवा तापला आहे तोवर पोळी भाजून घ्यायची. शेकून, मसाज घेऊन लोक घरी जाऊन झोपतात. तो सैल पडलेला एक तास ओझ्याशिवाय निघून जातो, आणि मग चौथा दिवस येतो.

चक्कीवर

तिसऱ्या आठवड्यात डबा आला. आधी रिकामा, खुर्चीच्या उंचीवरून. पाय डब्याच्या दोन्ही बाजूंना, डबा पोटाशी, कंबर आणि गुडघे दोन्ही वाकवायचे, उचलताना श्वास सोडायचा. सगळ्यात अवघड गेलं ते श्वास सोडणं. चार वर्षांची सवय होती कोंडायची. मी त्यांना उचलताना मोठ्यानं 'विठ्ठल' म्हणायला लावलं. बोलायचं तर श्वास सोडावाच लागतो. मग दोन किलो ज्वारी, चार किलो, उंची खाली पाटापर्यंत. पट्टा आधी दुपारी सोडला, मग सकाळी, आठव्या आठवड्यात खुंटीला गेला.

एप्रिल लागला आणि चक्कीवर वाळवणाचा, मसाल्याचा हंगाम सुरू झाला. कुरडयांचे गहू, हळद, भिवापुरी मिरची. गल्लीच्या तोंडापासून ठसका लागायचा. पोट्टा नेमका लग्नाला गावी गेला. सातव्या आठवड्यात दुखणं पुन्हा ७ वर गेलं, आणि मला कळेना की चार किलोच्या डब्यानं एवढं कसं.

कारण सापडलं ते योगायोगानं. मी संध्याकाळी चक्कीवर गेले तर काकू मागच्या खिडकीतल्या कूलरमध्ये पाणी भरत होत्या. पंधरा लिटरची बादली, छातीच्या उंचीपर्यंत, आठ फेऱ्या. दवाखान्यात मी चार किलोवर अडून बसले होते आणि घरी ही बाई रोज संध्याकाळी पंधरा-पंधरा किलो उचलत होती! माझ्या प्रश्नावलीत चोवीस प्रश्न होते, कूलरचा एकही नव्हता. नागपुरात उन्हाळ्यात कंबरदुखीचा पेशंट तपासताना आता मी पहिलाच प्रश्न कूलरचा विचारते.

काकू ओशाळल्या. मी म्हटलं, "ओशाळू नका. आठ बादल्या उचलूनही मणका जागचा हलला नाही, हे बघा." त्यांनी बादलीकडे पाहिलं, मग कमरेवर हात ठेवून जराशा वळून पाहिल्या. ते आधी त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

कूलरला नळी लावली. चक्कीसमोर विटांचा गुडघ्याइतका ओटा केला, गिऱ्हाइकानं डबा जमिनीवर न ठेवता त्यावर ठेवायचा. पोहे-तर्रीवाल्याकडून आणलेला एक स्टूल आला, दळण चालू असताना बसायला. त्या आठवड्यात व्यायाम निम्मे केले, तलाव चालू ठेवला, घरी पंधरा मिनिटं शेक आणि लगेच दहा उठ-बशा. दहा दिवसांत गाडी रुळावर आली. झोपही सुधारली, जरी मेच्या रात्री कूलरच्या घरघरीत झोप सुधारली म्हणणं जरा धाडसाचं आहे.

हिशेब

मेअखेर, बारा आठवड्यांनी: दुखणं ७ वरून ४. रोलंड-मॉरिस १५ वरून ७. उठ-बस ७ वरून १२. रोजची गोळी सुटून महिन्याला तीन-चार. दहा किलोचा डबा ओट्यावरून चक्कीच्या तोंडात, 'विठ्ठल' म्हणत. सप्टेंबरात, सहा महिन्यांनी, दुखणं ३ ते ४, प्रश्नावलीत ६, उठ-बस १३. सकाळी रेशीमबागच्या मैदानावर अर्धा तास चालणं, सुरुवात आठ मिनिटांपासून केली होती. महालक्ष्म्यांच्या वेळी खाली बसून जेवल्या. उठताना एक हात टेकवला. जिना मात्र अजून दुखतो, उतरताना जास्त. गुडघ्याची झीज कुठे गेलेली नाही.

याचं श्रेय कशाला? एका पेशंटवरून सांगता येत नाही. माणूस दुखणं कडेलोटाला गेल्यावरच दवाखान्यात येतो, त्यामुळे पुढचे काही आठवडे आपोआपही जरा बरे जातात. ओटा आणि नळी यांचा वाटा मोठा असेल. जूनपासून पोट्टा नियमित येऊ लागला, त्याचाही. पण मोठ्या संख्येवरचे आकडे याच्याशी जुळतात. उपचारांच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा, जुनाट कंबरदुखीत व्यायामाचा आढावा २०२१ साली आला: २४९ चाचण्या, चोवीस हजारांवर माणसं, काहीच न करणं किंवा नेहमीचे उपचार यांच्या तुलनेत शंभरच्या पट्टीवर दुखणं साधारण १५ अंकांनी कमी. चमत्कार म्हणावा असा हा आकडा नाही, आणि कुणी चमत्कार विकत असेल तर त्याला हा दाखवावा. चीनमध्ये ११३ कंबरदुखीच्या रुग्णांत पाण्यातला व्यायाम आणि यंत्रांवरचे शेक-करंट यांची तुलना झाली, २०२२ साली प्रसिद्ध. तीन महिने उपचार, आणि पाण्यातल्या गटाचा फायदा वर्षभरानंतरही टिकलेला होता. गुडघ्याच्या बाबतीत पाण्यातल्या व्यायामाचा फायदा त्याहून छोटा आणि थोड्या दिवसांचा दिसतो, म्हणून जमिनीवर यावंच लागतं.

हे वाचून मी माझ्या दवाखान्यातलं करंटचं मशीन विकलं का? नाही. पेशंट त्याचं नाव घेऊनच येतात. पण आता त्यावर झोपवलेल्या पेशंटला मशीन बंद झाल्याबरोबर खुर्चीवरून उठ-बस करायला लावते. काही जण पुन्हा येत नाहीत.

खर्च पाहिला तर तलावाचे महिन्याला पंधराशे, माझी फी, नळी, विटा, सगळं मिळून पंचकर्माच्या पॅकेजच्या आसपासच गेलं. सरकारी योजनेचं कार्ड रुग्णालयात भरती झाल्यावर कामी येतं, तलावाच्या पावतीवर चालत नाही. काकूंना झेपलं कारण चक्की स्वतःची आहे. धुणी-भांडी करणाऱ्या बाईला दुपारी चारची बॅच कशी जमावी, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

पावसाळ्यात तलाव बंद झाला. थंडी पडल्यावर दुखणं ५ पर्यंत चढलं. काकूंनी फोन करून सांगितलं, विचारलं काहीच नाही. शेक, उठ-बशा, चालणं चालू ठेवलं होतं.

डिसेंबरात पुन्हा ट्रॅव्हलर निघाली. या वेळी निघायच्या आधी त्या दवाखान्यात आल्या. "मॅडम, व्यायाम कुंडात उतरायच्या आधी करू का नंतर?"

"नंतर. बाहेर येऊन दहा मिनिटं बसा, पाणी प्या, मग. आणि वीस मिनिटांच्या वर कुंडात बसू नका."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाइलवर फोटो आला. ओल्या केसांच्या चार बायका एका कट्ट्यावर रांगेत, अर्ध्या उठलेल्या, हात पुढे. काकू कडेला उभ्या राहून मोजत होत्या, चेहऱ्यावर हेडमास्तरांचा भाव. मी हसून फोटो मोठा करून पाहिला. मागे, कुंडाच्या पायरीवर, पातळ गुडघ्यापर्यंत धरून जाऊबाई बसल्या होत्या. दोन्ही पाय पाण्यात.

मी लगेच फोन लावला.